'आजार' हा शब्द देशी की फारसी? प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
भरती आणि स्पर्धा परीक्षांसाठी मराठी व्याकरणाचे प्रश्न काढणारी तज्ज्ञ मंडळी यांस,

विषय : तत्सम, तद्भव, देशी आणि 'शब्दाची जात ओळखा'

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधक आहे. प्रुफं तपासणारी बाई म्हटलंत तरी चालेल. गडहिंग्लजला राहते. २२ वर्षांपूर्वी काम सुरू केलं तेव्हा कोल्हापूरहून प्रुफांचे गठ्ठे एसटीच्या पार्सलनं यायचे, आता पीडीएफ येते. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेतली मुलं व्याकरणाच्या शंका घेऊन ओट्यावर येऊन बसतात. मी शिक्षिका नाही, भाषाविज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला शब्दांचं कूळ शोधायची खोड लागतेच. हे पत्र त्या खोडीतून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात त्यातली एक मुलगी एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आली. कुठल्या भरतीची, ते सोडा. प्रश्न असा : 'पुढीलपैकी देशी शब्द ओळखा.' पर्याय चार : हात, पगार, आजार, दूध. उत्तरतालिकेत 'आजार'. तिनं सोडवतानाही 'आजार'लाच खूण केली होती. मी म्हटलं, "अगं, आजार फारसी आहे. या चारांत देशी शब्दच नाही."

ती शांतपणे म्हणाली, "ते माहीत हाय की काकू, तुम्हीच मागं सांगितलाय. पण देशीच्या यादीत आजार हाय नव्हं? की त्या यादीवरनंच निघती." 'की' म्हणजे उत्तरतालिका.

मग तिनं वही दाखवली. तीन रकाने आखलेले. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात 'यादीप्रमाणे', तिसऱ्यात 'काकूंप्रमाणे'. 'आजार'पुढे दुसऱ्या रकान्यात देशी, तिसऱ्यात फारसी, आणि खाली बारीक अक्षरात : 'एका पेपरला फारसी पण आलंय, पर्याय बघून ठरवणे.' तिसऱ्या रकान्याचा मला क्षणभर अभिमान वाटला, मग लाज वाटली. कारण तो रकाना परीक्षेत लिहायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं.

मंडळी, ही मुलगी हुशार आहे. तिनं भाषेचा अभ्यास केलाय आणि तुमचाही. तुमचा अभ्यास करायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ती यादी तुम्हालाही पाठ असेल. गाइडांमधून गाइडांमध्ये उतरत ती इथवर आली आहे. झाड, दगड, धोंडा, डोळा, हाड, पोट, गुडघा, बोका, रेडा, लुगडं, झोप, ढेकूण. इथवर वाचताना अडखळायला होत नाही. मग त्याच ओळीत घोडा येतो, कंबर येते, आजार येतो, रोग येतो, चोर येतो, शेतकरी येतो. सगळ्यांवर एकच शिक्का. आता 'रोग' आणि 'चोर' हे शब्द संस्कृतात जसेच्या तसे आहेत, म्हणजे तुमच्याच व्याख्येनं ते तत्सम. 'कंबर' म्हणजे फारसी 'कमर'. 'आजार'ही फारसीच, आणि हे मी आज शोधून काढलेलं नाही; मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात त्या शब्दापुढे फारसीची खूण आहे. 'शेतकरी'तलं शेत म्हणजे क्षेत्र. रोग आणि आजार एका यादीत इतके जवळ बसलेले पाहून मला दाट संशय येतो की यादी करणाऱ्यानं मूळ न बघता नुसता अर्थ बघून शब्द गोळा केले असावेत.

कानडी शब्दांच्या यादीचीही तीच गत. आमच्या भागात कानडी ऐकायला कोश उघडावा लागत नाही, आठवड्याच्या बाजारात गेलं की झालं. 'तूप' आणि कानडी 'तुप्पा' यांचं नातं इथल्या पोरालाही कळतं. अण्णा, अक्का, अडकित्ता, हेही खरंच. पण त्याच यादीत 'लवंग', 'चाकरी' आणि 'तंदूर' काय करतात? लवंग संस्कृतात आहे, चाकर फारसीतून आला, आणि तंदुरीची भट्टी कर्नाटकातून आली असं तर हॉटेलवालाही म्हणणार नाही. छपाईत एकदा चुकलेला खिळा पुढच्या दहा आवृत्त्यांत तसाच राहतो, हे मी धंद्यात पाहिलंय. इथे तो खिळा प्रमाण झालाय.

पण चुकीच्या शब्दांचा हिशेब लावून भागणार नाही. 'देशी' हा शब्द मुळात काय सांगतो, तिथेच आपली गफलत झाली आहे.

ही वर्गवारी जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात समान, विभ्रष्ट आणि देशीगत असे प्राकृत शब्दांचे तीन प्रकार येतात. सातव्या शतकाच्या आसपासचा दंडी काव्यादर्शात तद्भव, तत्सम, देशी ही आज आपण वापरतो तीच नावं घेतो. गंमत म्हणजे त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात तो म्हणतो की महाराष्ट्रात वसलेली भाषा हीच उत्कृष्ट प्राकृत. म्हणजे ज्या संज्ञांवर तुम्ही एकेका गुणाचे प्रश्न काढता, त्या आपल्या भाषेच्या पूर्वजाबद्दल बोलतानाच वापरल्या गेल्या आहेत.

मग बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र झाला. त्यानं देशी शब्दांचा एक अख्खा कोश रचला, देशीनाममाला. तो १८८० मध्ये पिशेलनं संपादित करून मुंबई संस्कृत मालेत छापला. कोशाच्या सुरुवातीला हेमचंद्र देशी कशाला म्हणायचं ते सांगतो : व्याकरणाच्या नियमांनी जे सिद्ध होत नाहीत, संस्कृत कोशांत जे सापडत नाहीत, पण प्राकृतात अनादी काळापासून चालत आले आहेत, ते देशी. किती प्रामाणिक माणूस! हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांचा आहे, असं तो म्हणत नाही. माझे नियम इथवर पोचत नाहीत, एवढंच म्हणतो. त्याच्या 'देशी'तून नियमांची हद्द कळते, शब्दाचा जन्मदाखला नव्हे. पुढे अभ्यासकांनी त्यातल्या बऱ्याच शब्दांची संस्कृत मुळं दाखवलीसुद्धा. हद्द सरकली तशी यादी लहान झाली.

आपण काय केलं? हद्द सांगणाऱ्या त्या शब्दाचा दाखला करून टाकला. 'महाराष्ट्रातील मूळ रहिवाशांच्या बोलीतून आलेले शब्द ते देशी', अशी व्याख्या पोरं धडाधडा म्हणतात. आणि ज्या शब्दाचं मूळ चटकन सुचलं नाही तो त्यात टाकला. अडगळीच्या खोलीत जशी नको असलेली सगळी गाठोडी जातात, तसं.

'घोडा' बघा. संस्कृत 'घोटक', त्यातला ट मऊ होऊन ड, मधला क गळून गेला, झाला 'घोडा'. सरळ तद्भव, म्हणजे संस्कृतातून रूप बदलत आलेला. पण अभ्यासक असंही म्हणतात की 'घोटक' हा शब्दच संस्कृतात बाहेरून आला असावा. जुना शब्द 'अश्व'. 'नीर' आणि 'मीन' तर आपण डोळे मिटून तत्सम म्हणतो, आणि ते संस्कृतनं द्राविडी भाषांकडून घेतले असं पुष्कळांचं मत आहे. मग 'नीर' काय? मराठीच्या बाजूनं बघितलं तर तत्सम, कारण आपण तो संस्कृताच्या घरून आणला. संस्कृतानं कुठून आणला, हा संस्कृताचा प्रश्न. तत्सम, तद्भव ही शब्द आपल्या दारात कुठल्या वाटेनं आला त्याची नावं आहेत. ही गोष्ट एकदा सांगितली की मुलांचा निम्मा गोंधळ मिटतो. मात्र ती चार पर्यायांत मावत नाही.

तद्भवाकडे येते. मला सगळ्यांत जास्त दुःख त्याचंच आहे, कारण पाठ करून नासवावा असा तो विषयच नव्हे. दुग्ध–दूध, हस्त–हात, कर्म–काम, सप्त–सात अशा जोड्या मुलं घोकतात. मधली पायरी कुणी सांगत नाही. मी ओट्यावर खडूनं लिहून दाखवते : सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. आधी दोन वेगळी व्यंजनं एकसारखी झाली, मग दोघांतलं एक गेलं, आणि गेलेल्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. एवढं सांगून मी 'चक्र' लिहिलं आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिनं लिहिलं : चक्क. थांबली. मग माझ्याकडे न बघता लिहिलं : चाक. 'रात्रि' दिलं तर रत्ति, रात. 'भक्त' दिलं तेव्हा भत्त, भात लिहून ती हसायला लागली. "काकू, भक्ताचा भात?" मग सांगितलं की संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाटून दिलेला भाग, अन्न, असाही अर्थ आहे. त्यानंतर तास दीड तास ती पोरं घरातले शब्द पकडून आणत होती. गोठ्यातून एकजण 'गाभण' घेऊन आला. गर्भिणी, गब्भिणी, गाभण. बाईला गर्भवती म्हणायचं आणि म्हशीला गाभण. संस्कृत शब्द माणसाला, प्राकृत जनावराला. ही वाटणी कुणी केली, असं त्यानं विचारलं. चांगला प्रश्न आहे. तुमच्या कुठल्या पेपरात तो बसेल का?

तसंच 'चूर्ण' आणि 'चुना'. वैद्याकडे चूर्ण, पानवाल्याकडे चुना, मूळ एक. तसंच 'क्षेत्र'. हिंदीत त्याचं 'खेत' झालं, आपल्याकडे 'शेत', कारण 'क्ष' प्राकृतात कुठे 'ख' होतो, कुठे 'छ', आणि आपल्याकडे आलेल्या त्या 'छ'चा पुढे 'श' झाला. तरी 'क्षीर'ची 'खीर' आपण दुसऱ्या वाटेनं घेतली आहेच. मराठी माणूस हिंदी बोलताना 'हाथ'चा 'हात' करतो म्हणून त्याला हसतात. पण 'हत्थ'च्या 'थ'मध्ये मिसळलेला तो ह मराठीनं कधीच सोडून दिलाय. भूख–भूक, सीखना–शिकणं, सगळीकडे तेच. चूक कसली त्यात, आपल्या भाषेची ती चालच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या चौकातही फलक लागला होता. हा दर्जा मागताना आपण काय पुरावे मांडले? नाणेघाटातला शिलालेख, हालाची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृत. म्हणजे दिल्लीला सांगताना आपण प्राकृताला आई म्हटलं, आणि परीक्षेत तिला वगळून थेट आजीकडे उडी मारतो : दुग्ध, दूध. मधल्या 'दुद्ध'ला एक गुण नाही.

आता तत्सम. हा प्रकार निरुपयोगी आहे असं मी कधीच म्हणणार नाही, कारण माझं पोटच त्यावर चालतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे १८ नियम चालवायचे तर शब्द तत्सम आहे की नाही हे पावलोपावली विचारावं लागतं. 'शरीर'चं 'शरीराला', री दीर्घच. 'गरीब'चं मात्र 'गरिबाला', रि ऱ्हस्व. का? शरीर तत्सम, गरीब अरबी. 'गीत'चं 'गीताला', पण 'फूल'चं 'फुलाला'. 'दूत'चं 'दूताला', पण 'दूध'चं 'दुधाला'. वकील–वकिलाला, जमीन–जमिनीत, बहीण–बहिणीला. माझ्या लाल पेनाला दिवसातून पन्नास वेळा हा प्रश्न पडतो. मुलांना हे असं दाखवलं, की वर्गवारीला काहीतरी काम आहे असं वाटतं. नुसतं 'खालीलपैकी तत्सम शब्द ओळखा' विचारलं, की ती पाठांतराची आणखी एक ओळ होते.

आणि तत्सम म्हणजे 'त्याच्यासारखा', पण कशात सारखा? रूपात म्हणाल, तर संस्कृत 'कवि' आणि 'गुरु' मराठीत सुटे लिहिताना आपण 'कवी' आणि 'गुरू' करतो, समासात आले की परत 'कविमन', 'गुरुदक्षिणा'. उच्चारात म्हणाल, तर 'ज्ञान' आपण द्न्यान म्हणतो आणि 'ऋषी' रुषी. अर्थात म्हणाल, तर 'शिक्षा' घ्या. संस्कृतात शिक्षण, हिंदीत शिक्षण, मराठीत छडी. 'राग' संस्कृतात रंग आणि प्रेम, आपल्याकडे संताप. 'चेष्टा' तिकडे हालचाल, इकडे टिंगल. त्यात 'शिक्ष'पासूनच प्राकृत वाटेनं आलेल्या 'शिकणं' या तद्भवानं मूळ अर्थ नीट सांभाळलाय आणि जसाच्या तसा आलेल्या तत्समानं तो सोडून दिलाय. घरात राहिलेला मुलगा बिघडावा आणि परगावी गेलेल्यानं रीत राखावी, तशी गोष्ट.

'दिनांक' आणि 'महापौर' यांचं काय करायचं? सावरकरांच्या भाषाशुद्धीतून हे शब्द रूढ झाले. घडण संस्कृतची, जन्म विसाव्या शतकातला. त्यांना तत्सम म्हणावं तर ते कुणासारखे? तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यव्यवहारकोशातही फारसी शब्दांना असेच संस्कृत प्रतिशब्द घडवून दिले होते. अशांना 'नवघटित' असं सरळ वेगळं नाव द्यावं, असं माझं मत. पण माझ्या मताला गुण नाहीत.

परभाषी शब्दांबद्दल फार लिहीत नाही, त्या याद्या त्यातल्या त्यात बऱ्या आहेत. चावी, पगार, बटाटा, हापूस, लिलाव पोर्तुगीज. मुलांना ते आवडतातही. खटकतं ते इतकंच की तिथेही शब्द एकटा उभा करतात. मराठी माणूस शब्द असे एकटे ठेवतो कुठे? 'कागदपत्र' घ्या. कागद फारसीकडून, पत्र संस्कृताचं. 'धनदौलत', 'बाजारहाट' तसेच. दोन भाषांतल्या दोन सारख्या शब्दांची गाठ मारायची, म्हणजे ऐकणाऱ्याला दोहोंतला एक तरी कळेल. 'दरवर्षी'तला दर फारसी, वर्ष संस्कृत. 'भांडखोर'मधलं भांडण आपलं, खोर फारसी. 'चवदार', 'पाणीदार', 'डौलदार', 'दादागिरी'. फारसी प्रत्यय इतका घरचा झालाय की आता त्याला पाहुणा कोण म्हणेल? यांना संकरित म्हणतात. अभ्यासिकेतल्या एकाही मुलानं तो शब्द ऐकलेला नव्हता, कारण चार पर्यायांत 'संकरित' कधी येत नाही.

थोडं विषयांतर करते. अभ्यस्त, म्हणजे अक्षरांची पुनरावृत्ती होऊन बनलेले, शब्द तुमच्या आवडीचे दिसतात : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. हळूहळू, उरलासुरला, किलबिल. दर वर्षी तेच तीन-चार. पण 'बि'चं कौतुक कुणीच का करत नाही? चहाबिहा, कामबिम, लग्नबिग्न, पुस्तकबिस्तक. पहिलं अक्षर काढा, 'बि' बसवा, झाला शब्द. काल आलेल्या शब्दालाही तोच नियम : मोबाइलबिबाइल, पासवर्डबिसवर्ड. हा नियम चार वर्षांच्या पोराला येतो आणि त्याला कुणी शिकवलेला नसतो. मी मुलांना विचारलं, शब्दच 'बि'नं सुरू होत असेल तर? 'बिस्किट'चं काय कराल? पंधरा मिनिटं वाद चालला. एकजण 'बिस्किटफिस्किट' म्हणाला, दुसरा 'बिस्किटं वगैरे' म्हणून निसटला. व्याकरण असं वाद घालून शिकतात, निदान आमच्या ओट्यावर तरी.

शेवटी 'शब्दाची जात ओळखा'. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्ययं. यास्काच्या निरुक्तात चारच गट आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आपल्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आल्या. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चं. त्या आठ असाव्यात की कमी, हा वाद विद्वानांनी करावा. माझी तक्रार साधी आहे. तुमच्या एका पेपरात प्रश्न होता : ''वर' या शब्दाची जात ओळखा.' वाक्य नाही, काही नाही. आता 'पाखरू वर गेलं' यातला 'वर' क्रियाविशेषण, 'छतावर'मधला शब्दयोगी, मांडवातला वर नाम, आणि देवानं दिलेला वर हेही नामच, पण वेगळं. उत्तर होतं शब्दयोगी. ज्या मुलाच्या बहिणीचं लग्न त्या आठवड्यात होतं, त्यानं 'नाम' लिहिलं. त्याचं काय चुकलं, सांगा. मला सांगता आलं नाही.

'की'चंही तसंच. 'तो म्हणाला की' यातलं उभयान्वयी, 'माहीत हाय की काकू' यातलं नुसता जोर देणारं, आणि तुमच्या उत्तरतालिकेला पोरं म्हणतात ती 'की' तर नाम. तिन्ही एकाच मुलीच्या तोंडून एका संध्याकाळी मी ऐकली.

'जात' हा शब्दच इथे नको होता असं कधीकधी वाटतं. अर्जावरच्या रकान्यात जात भरून आलेल्या पोरांना ती जन्माला चिकटलेली वस्तू वाटणारच. शब्दाची मात्र वाक्य बदललं की बदलते. पण तो शब्द आता रुळलाय. तो बदला असं मी म्हणत नाही.

माझं मागणं फार नाही. जातीचा प्रश्न विचारताना शब्दाखाली रेघ मारलेलं एक वाक्य द्या. एक ओळ जास्त छापावी लागेल, छपाईचा खर्च मला माहीत आहे, परवडतो. 'देशी शब्द ओळखा' हा प्रश्न काही वर्षं बंद ठेवलात तर कुणाचं नुकसान होणार नाही; विचारायचाच असेल तर 'व्युत्पत्ती निश्चित नाही' हा पर्याय ठेवा आणि तोही कधीतरी बरोबर येऊ द्या. शब्द पेपरात घालण्यापूर्वी कोश उघडा. मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आहे, फारसीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा कोश आहे. कोशांतही एकवाक्यता नसते, पण मग तो शब्द पेपरात नसावा, एवढं त्यावरून कळतं. आणि जमलं तर एखाद्या पेपरात विचारा : 'चक्र'चं 'चाक' झालं, तर 'पत्र'चं काय होईल? उत्तर 'पात'. कांद्याची पात. हे पाठ करून येत नाही, डोकं चालवून येतं.

हरकत घ्यायची सोय असते, तिचा उपयोग करा, असं तुम्ही म्हणाल. त्या मुलीलाही मी तेच म्हटलं. तिनं विचारलं, "हरकत कशाला घेऊ? मला गुण मिळालाय की." गुण मिळाला होता, खरंच. हरकत घेतली असती तर गेला असता.

तिची पुढची परीक्षा येत्या रविवारी आहे. वहीत तीन रकाने तसेच आहेत. 'आजार' पुन्हा आला तर तिनं कुठल्या रकान्यातलं उत्तर लिहायचं, तेवढं शनिवारपर्यंत कळवावं.

कळावे,
आपली,
एक मुद्रितशोधक
गडहिंग्लज